टोपलीत न गेलेलं वाक्य

तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या माणसांबद्दल मला काडीचा आदर नाही. मी स्वतः तीस वर्षं तो धंदा केला, तेव्हा हे म्हणायचा मला अधिकार आहे. लोकांना वाटतं, हा मनुष्य जन्म-मृत्यूचा विचार करत बसला असेल. तो बसलेला असतो शेजारच्या खात्याला आपल्यापेक्षा मोठी खोली का मिळाली, याचा विचार करत. आमच्या खात्यात एवढा एकच प्रश्न मी शेवटपर्यंत जिवंत राहिलेला पाहिला. बाकीचे पहिल्या चाचणी परीक्षेतच मरत.

पण मला सांगायचं आहे ते त्या धंद्यात शिरण्याआधीचं. संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटली होती त्या दिवसांत मी एम.ए. करत होतो आणि विषय होता भाषेचं तत्त्वज्ञान. लालबागच्या चाळीतला, गिरणी कामगाराचा मुलगा, ट्रामने फोर्टात जाऊन 'अर्थ म्हणजे काय' ते शिकत होता. चाळीत कुणी विचारलं, काय शिकतोस, तर मी 'फिलॉसॉफी' म्हणून मोकळा होत असे. एका म्हाताऱ्याने त्यावरून मी वकील होणार असं ठरवून टाकलं आणि घरमालकाविरुद्धच्या अर्जांची भेंडोळी माझ्याकडे आणायला लागला. त्याचं फारसं चुकलं नव्हतं. आम्ही शिकत होतो ती वकिलीच होती, फक्त अशील कुणी नव्हतं.

आमचे प्राध्यापक शिवाजी पार्कला राहत. दोन वर्षं विलायतेत राहून ते एक रेनकोट, एक खोकला आणि एक विचार घेऊन परतले होते. रेनकोट पुढे झिजला, खोकला बरा झाला, विचार तसाच राहिला. विचार असा होता: कुठलंही वाक्य घ्या आणि त्याला विचारा, तू खोटं आहेस हे ठरवायचं झालं तर आम्ही काय पाहावं? टेबलावर पाच पुस्तकं आहेत, हे वाक्य खोटं ठरवायचं तर पुस्तकं मोजायची. ईश्वर दयाळू आहे, हे खोटं ठरवायचं तर काय मोजायचं? काहीच नाही. मग त्या वाक्याला अर्थच नाही. ते खोटं आहे असंसुद्धा नाही. 'खोट्या वाक्याला निदान अर्थ तरी असतो,' हे ते दर तासाला इंग्रजीत सांगत आणि सांगून झालं की चष्मा पुसत.

हे इतकं सोपं होतं की आम्ही खूश झालो. पाच हजार वर्षांची विद्या एका प्रश्नात निकालात निघत असेल तर अभ्यास कोण करणार? वर्गात आम्ही आठ जण. गिरगावचे तिघे, दादरचे दोघे, एक मुलगी हिंदू कॉलनीतली, एक पार्ल्याहून येणारा, आणि मी. माझ्याखेरीज सगळ्यांच्या घरी पुस्तकांचं कपाट होतं आणि ते कपाट कुणीतरी आजोबांनी भरलेलं होतं. आमच्या घरी एक फळी होती. तिच्यावर देव होते, आणि देवांच्या मागे माझी पुस्तकं.

प्राध्यापकांची एक खास पद्धत होती. दर गुरुवारी प्रत्येकाने एका चिठ्ठीवर एक वाक्य लिहून आणायचं. घरात ऐकलेलं, पेपरात वाचलेलं, कुठलंही. ते चिठ्ठी उघडत, मोठ्याने वाचत, आणि विचारत, 'हे खोटं कसं ठरवाल?' उत्तर मिळालं तर चिठ्ठी टेबलावर राहायची. नाही मिळालं तर त्यांच्या पायाशी असलेल्या वेताच्या टोपलीत. तासाच्या शेवटी शिपाई येऊन टोपली रिकामी करून नेत असे. टेबलावर राहणारी वाक्यं अगदीच मिळमिळीत असत, 'आज दूध नासलं' वगैरे. मजा टोपलीची होती. त्यामुळे टोपलीत जाईल असं वाक्य आणायची आमच्यात चढाओढ लागली. कुणी आजीची आरती आणली, कुणी अग्रलेखातली ओळ, कुणी बापाचा उपदेश. घरच्या माणसांची वाक्यं आणून इथे नागडी करायची आणि हसायचं, हे आमचं उच्च शिक्षण होतं.

एकदा गिरगावातल्या एकाने चिठ्ठीवर लिहून आणलं, मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे. प्राध्यापकांनी ते वाचलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, 'हे विधान नाही. ही मागणी आहे. मागणी खरी नसते आणि खोटीही नसते.' चिठ्ठी टोपलीत गेली. आदल्या संध्याकाळी हेच ओरडून ज्याचा घसा बसला होता तो गिरगावकर बसक्या आवाजात 'येस सर' म्हणाला. त्याच संध्याकाळी तो पुन्हा ओरडायला गेला असणार. शेंडी तुटो की पारंबी तुटो असला बाणा आमच्यात कुणाचा नव्हता. सकाळी एक बोलायचं आणि संध्याकाळी दुसरं, यात आम्हाला काही खटकत नसे.

मग मी माझी चिठ्ठी आणली. त्यासाठी माझ्या वडिलांबद्दल सांगायला हवं.

बाबा लोअर परळच्या एका गिरणीत विणकर होते. साचेखात्यात आयुष्य गेलेलं. तिथे मागांचा आवाज इतका, की शेजारच्याच्या कानात ओरडलं तरी ऐकू जात नसे. त्यामुळे सगळे विणकर एकमेकांचे ओठ वाचायला शिकत. पन्नाशीला बाबांच्या कानांनी जवळजवळ रजा घेतली होती, पण समोरच्याचं तोंड दिसलं की त्यांना सगळं कळे. लहानपणी मी त्यांच्यामागे उभा राहून शिव्या देत असे आणि समोर उभा राहून 'हो बाबा' म्हणत असे. त्यांच्यासमोर तोंड लपवून बोलायची मला तेव्हापासूनची सवय.

गिरणीत ते कुणीच नव्हते, पण चाळीत त्यांना एक मान होता. ते गाऱ्हाणं घालत. कोकणातल्या माणसाला हे सांगायला नको, पण कपाटवाल्यांसाठी सांगतो. कुणी नव्या नोकरीला निघालं, कुणाचं मूल आजारातून उठलं, कुणाला परगावी जायचं असलं, की चाळीतली माणसं खाली नळापाशी जमत. तिथे भिंतीतल्या कोनाड्यात एक देव होता. बाबा हातात नारळ घेऊन त्याच्यासमोर उभे राहत आणि सगळ्यांच्या वतीने देवाशी बोलत. आधी नावं घेत: गावची देवी, वेशीवरचा राखणदार, कुळाचा मूळपुरुष, आणि आता ज्या जागेत आपण राहतो त्या जागेचा जागेवाला. मग काय हवं ते सांगत. प्रत्येक वाक्याच्या शेवटी जमलेल्या सगळ्यांनी 'व्हय म्हाराजा' असा होकार द्यायचा. एकट्याचं बोलणं म्हणजे गाऱ्हाणं नव्हे. होकार आला तरच ते पुढे सरकतं. नियम एवढाच, की ज्याला होकार द्यायचा नसेल त्याने तिथे उभं राहायचं नाही. खुशाल घरात बसावं, त्याचं कुणी वाईट वाटून घेत नसे. पण उभं राहून गप्प बसणं म्हणजे गाऱ्हाण्यात खोट.

बाबांना होकार ऐकू येत नसे. ते सगळ्यांची तोंडं बघत. वाक्य संपलं की त्यांची नजर डावीकडून उजवीकडे एकदा फिरायची, आणि मग दुसरं वाक्य.

तर माझी चिठ्ठी. 'बा देवा म्हाराजा, लेकरू नव्या कामार जाता हा, तेच्या वाटेतलो काटोकुटो बाजूक कर रे म्हाराजा.' प्राध्यापकांनी ते वाचलं तेव्हा वर्ग खदखदून हसला. शिवाजी पार्कच्या तोंडातून ती मालवणी अशी बाहेर पडत होती की हसू न येणारा माणूस दगडाचाच असता. मीही हसलो. सगळ्यात मोठ्याने मीच हसलो, म्हणजे मी यातला नाही हे सगळ्यांना कळावं. 'हे खोटं कसं ठरवाल?' त्यांनी विचारलं. मी उभा राहिलो आणि म्हणालो, 'नाही ठरवता येणार सर. काटा बाजूला झाला तर देवाने केला, नाही झाला तर देवाची मर्जी.' चिठ्ठी टोपलीत गेली. हिंदू कॉलनीतली मुलगी पहिल्यांदाच माझ्याकडे वळून पाहत होती. त्या एका गुरुवारी मी लालबाग ते फोर्ट हे अंतर जेवढं कापलं तेवढं ट्रामने दोन वर्षांत कापलं नव्हतं.

तास संपल्यावर प्राध्यापकांनी मला थांबवून घेतलं. ते एका परदेशी नियतकालिकासाठी लेख लिहीत होते, निरर्थक वाक्यांवर. त्यांना हा नमुना फार आवडला होता. सगळं गाऱ्हाणं शब्दशः उतरवून आणलं तर ते लेखात वापरतील आणि तळटीपेत माझं नाव देतील. शिवाय पुढच्या वर्षी खात्यात संशोधनाची एक जागा निघणार होती, तिच्याबद्दलही ते सूचक खोकले. मी घरी येताना ट्रामचा एक स्टॉप चुकलो.

माणसं काय काय विकतात! कुणी शेत विकतं, कुणी मत विकतं. मी तळटीपेसाठी तयार झालो. तो लेख कधी छापून आला नाही हे जाता जाता सांगून टाकतो. बहुधा लिहिलाच गेला नाही.

आठवड्याभरात संधी आली. शहरात हरताळ होता, गिरण्या बंद होत्या, मोर्चे निघत होते. आमच्या चाळीतले सातआठ जण गिरगावच्या बाजूला निघाले होते. त्यांत माझा बालमित्रही होता. तो आमच्या शेजारच्या खोलीतल्या काकीचा एकुलता एक मुलगा. आम्ही एका पाटीवर धुळाक्षरं गिरवली होती, एकाच नळाखाली आंघोळ केली होती. सातवीनंतर तो गिरणीत गेला आणि मी पुढे शिकलो. मला तो 'पंडित' म्हणायचा, तेही प्रेमाने. माझ्या लायकीपेक्षा ते जास्तच होतं.

सकाळी त्याने खालून हाक मारली. 'ए पंडित, ये रे खाली! गाऱ्हाणं घालतायत आमचं. नंतर काय ते वाच.'

मी वही आणि पेन्सिल घेऊन खाली उतरलो.

आता मागे वळून बघतो तेव्हा माझ्या मूर्खपणाची मला कमाल वाटते. मला होकार द्यायचा नव्हता तर घरात बसायचं होतं. देव मानत नाही म्हणून घरी बसलेली माणसं आमच्या चाळीत होती, लाल बावट्याचे दोघे तर छातीठोकपणे बसत आणि नंतर येऊन प्रसादाचं खोबरं खात. त्यांना कुणी काही म्हणत नसे. पण मला मजकूर हवा होता. म्हणून मी सगळ्यांच्या बरोबर गोलात उभा राहिलो, वही डाव्या हातावर धरली आणि लिहायला लागलो. असली चूक करायला माणूस एम.ए.लाच असावा लागतो.

बाबांनी नावं घेतली. गावची देवी. 'व्हय म्हाराजा!' वेशीवरचो राखणदार. 'व्हय म्हाराजा!' कुळाचो मूळपुरुष, ह्या जाग्याचो जागेवालो. मी सगळं उतरवत होतो, पुढे एक-दोन असे आकडे टाकून. मग ते म्हणाले, 'आज हे तुझे लेकरा रस्त्यार जातत म्हाराजा. आपल्या राज्यासाठी जातत. जशे जातत तशे तेंका परत हाड रे म्हाराजा.' हाड म्हणजे आण, हेही कपाटवाल्यांसाठी. सगळ्यांनी होकार दिला. बाबांची नजर डावीकडून फिरत आली आणि माझ्यावर थांबली. माझे ओठ मिटलेले होते आणि पेन्सिल चालली होती. क्षणभर मला वाटलं ते आता काहीतरी बोलणार. पण त्यांनी नजर पुढे नेली आणि नारळ फोडला. त्या वेळी मी वहीत समासात एक टीप लिहिली होती, ती अजून आठवते: 'वक्ता श्रोत्यांच्या प्रतिक्रियेवर अवलंबून दिसतो.' ज्याने मला खांद्यावर बसवून गणपती दाखवले त्याला मी 'वक्ता' लिहिलं होतं.

त्या दिवशी गोळीबार झाला. बाकीचे सगळे अंधार पडायच्या आत परतले. माझा मित्र परतला नाही. त्याच्या मांडीत गोळी शिरली होती. परळच्या इस्पितळात त्याला ठेवलं, जखम चिघळली, आणि बाराव्या दिवशी उजवा पाय गुडघ्याच्या वरून कापला. तो वाचला. पण साच्यावर आठ तास उभं राहायला दोन पाय लागतात.

मी रोज इस्पितळात जात होतो असं म्हणायला मला आवडलं असतं. मी दोनदा गेलो. कॉलेज बंद होतं, वेळच वेळ होता, तरी दोनदाच.

पाय कापला त्यानंतरच्या रविवारी चाळीतली माणसं खाली जमली होती. त्याच्या घरचं पुढे कसं चालवायचं, हे बोलायला. बोलणं झालं, प्रत्येकाने काय करायचं ते ठरलं, आणि माणसं उठणार तेवढ्यात काकी उभी राहिली. इतका वेळ ती नळाच्या कट्ट्यावर पदर तोंडाला लावून बसली होती.

'माका एक इचारूचा हा,' ती म्हणाली. 'गाऱ्हाण्यात खोट रवली ती कोणाची? सगळ्यांनी होकार दिल्यानी. हेणी नाय दिल्यान.' तिने माझ्याकडे बोट केलं. 'हो पेन्सिल घेवन उभो होतो. मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. माझो झील ह्येका हाक मारून घेवन इलो, नि ह्येना तोंड उघडल्यान नाय.'

सगळे माझ्याकडे वळले. मी जिन्याच्या खांबाला टेकून उभा होतो. डोक्यात उत्तरं तयार होती, एकापेक्षा एक. गोळीचा वेग, तिची दिशा, माझ्या ओठांशी तिचा संबंध काय. तुमचं वाक्य खोटं कसं ठरवाल, काकी? हा प्रश्न माझ्या जिभेवर आला होता, खोटं कशाला बोलू. पुत्राचा पाय गेलेल्या बाईला मी वेताची टोपली दाखवणार होतो. धीर झाला नाही म्हणून गप्प राहिलो. चांगुलपणा म्हणून नव्हे.

बाबा पुढे बसले होते. काकीचं तोंड त्यांना दिसत होतं, तेव्हा तिचं बोलणं सगळं कळलं होतं. ते उठले.

'तेची चूक नाय,' ते म्हणाले. 'चूक माझी. गाऱ्हाण्यात राखणदाराचा नाव घेवक मी इसारलंय.'

काकी खाली बसली. राखणदाराचं नाव राहणं म्हणजे काय, हे तिथल्या पोराबाळांनाही ठाऊक होतं. वेशीबाहेर जाणाऱ्याला तोच सांभाळतो. तिथे हजर असलेल्यांपैकी कुणालाही नक्की आठवत नव्हतं, नाव घेतलं होतं की नव्हतं. गाऱ्हाणं ऐकताना शब्द कोण मोजतं? बाबा स्वतः म्हणतात म्हणजे राहिलं असणार. शेवटी चाळीतला सगळ्यात वयस्कर माणूस म्हणाला, 'मगे आता फुडल्या टायमाक दुसऱ्याक सांगूया.' रागाने नव्हे, सहज. बाबा म्हणाले, 'व्हय.' एवढंच झालं. माझ्या बापाचा या शहरात होता तो एकुलता एक मान असा पाच मिनिटांत गेला.

नाव घेतलं होतं हे नक्की ठाऊक असणारे तिथे दोनच जण होते. एक ते. दुसरा मी, आणि माझ्याकडे पुरावा होता. वर फळीवर, देवांच्या मागे, माझी वही. तिच्यात आकडा दोन, वेशीवरचो राखणदार, पुढे कंसात 'होकार'. जिन्याच्या अठरा पायऱ्या चढून जायचं, वही आणायची आणि वाचून दाखवायची. बाबांचं गाऱ्हाणं बाबांकडे राहिलं असतं. मग खोट कुणाची, हे मात्र उघड झालं असतं. मी खांबाला टेकून उभा राहिलो.

मित्र इस्पितळातून आला. कुबडी घेऊन तो गॅलरीत बसायचा आणि येणाजाणाऱ्याची टिंगल करायचा. त्याला कुणीतरी सगळं सांगितलं होतंच. मी तोंड चुकवतो आहे हे बघून त्याने एकदा मला अडवलं.

'लेका, तुझ्या होकाराने गोळी वळली असती तर मग काय, आपण पलटणच काढली असती की गाऱ्हाणंवाल्यांची,' तो म्हणाला. 'आये काय पण बोलते. सोड.'

माझ्या प्राध्यापकांपेक्षा त्याला जास्त कळत होतं आणि त्यासाठी त्याला विलायतेला जावं लागलं नव्हतं. मी हसलो. सुटलो असं वाटलं. मग तो म्हणाला, 'पण म्हणायला काय झालेलं रे तुला? मी जात होतो.'

अर्थ म्हणजे काय, यावर मी पुढे तीस वर्षं व्याख्यानं दिली. या प्रश्नाला उत्तर दिलं नाही.

मला पहिला वर्ग मिळाला. संशोधनाची जागाही मिळाली. चाळीत माझं गाऱ्हाणं घालायचं ठरलं, तेव्हा ते दुसऱ्याच एकाने घातलं. त्याला नावंसुद्धा धड येत नव्हती, मध्ये अडखळायचा. बाबा मागच्या रांगेत उभे होते. त्याचे ओठ वाचून झाले की मग 'व्हय म्हाराजा' म्हणत, सगळ्यांच्या मागून, अर्धा क्षण उशिरा. बाकीच्यांचा होकार संपला की त्यांचा एकट्याचा ऐकू येई. त्या दिवशी मी ओठ हलवले. बाबा माझ्याकडे बघत नव्हते. ते त्या नव्या माणसाकडे बघत होते.

त्यांनी मला कधी काही विचारलं नाही. ती वही त्यांनी पाहिली असेल की नाही, मला माहीत नाही. ते जेमतेम वाचत, पण राखणदार एवढं अक्षर त्यांना लागलं असतं. रोज सकाळी देव पुसायला ते फळीवरचं सगळं खाली काढत.

एक गोष्ट मुद्दाम मागे ठेवली होती, कारण ती सांगायची माझी इच्छा नव्हती. चाळीतल्या त्या रविवारनंतर चारच दिवसांनी कॉलेज सुरू झालं. गुरुवार होता. प्रत्येकाने चिठ्ठी आणायची होती. नंतर बरीच वर्षं मी स्वतःला सांगत आलो, की त्या दिवशी मी चिडून गेलो होतो, त्या माणसाला आणि त्याच्या टोपलीला लाज आणायला गेलो होतो. हे खोटं आहे. माझ्याकडे दुसरं वाक्य नव्हतं, आणि हे वाक्य चांगलं आहे एवढं मला कळत होतं.

प्राध्यापकांनी चिठ्ठी उघडली. 'गाऱ्हाण्यात राखणदाराचा नाव घेवक मी इसारलंय.' नेहमीसारखा हशा पिकला. त्यांनी माझ्याकडून अर्थ विचारून घेतला आणि टोपलीकडे हात नेला. मग थांबले. 'हं. हे खोटं ठरवता येईल का?'

'येईल सर,' मी म्हणालो. 'वडिलांनी गाऱ्हाणं घातलं तेव्हा मी शब्द न् शब्द लिहून घेतला होता. वही बघितली की कळेल.'

'मग नाव घेतलं होतं?'

'घेतलं होतं सर.'

'म्हणजे हे वाक्य खोटं आहे.'

'होय सर.'

त्यांचा चेहरा उजळला. इतकं निर्मळ उदाहरण त्यांना वर्षभरात मिळालं नव्हतं. त्यांनी चिठ्ठी सरळ केली, टेबलावर मधोमध ठेवली, आणि वर्गाकडे बघून म्हणाले, 'बघा. अखेर यांच्या वडिलांनी एक अर्थपूर्ण वाक्य उच्चारलं.' सगळे हसले. मग ते माझ्याकडे वळले. 'बरोबर ना?'

'होय सर,' मी म्हणालो. बाबांच्या गाऱ्हाण्यात मला देता आला नव्हता तो होकार मी इथे मागितल्याबरोबर दिला.